चुकल्या घरची बज्जी

आमचे घरमालक मामा कुठलाही हिंदी सिनेमा शेवटपर्यंत बघत नसत. शेवटची पंधरा मिनिटं उरली की ते उठायचे, टीव्ही बंद करायचे आणि जमलेल्या मंडळींना सांगायचे, "सरि, झालें. आतां काफी." खोटं नाव सांगून घरात घुसलेल्या हिरोला ते घर पदरात घेतं की हाकलून देतं, खरं कळल्यावर हिरॉइन रडते की थोबाडीत मारते, हे ज्याला बघायचं असेल त्यानं आपल्या घरी जाऊन मोबाइलवर बघावं. मामांच्या हॉलमध्ये ते दिसणार नाही.

"अहो, पण शेवट?" पहिल्याच रविवारी मी चक्क ओरडले. नवी भाडेकरू असल्याचंही भान राहिलं नाही.

"शेवटास काय असतें, बाई?" मामा शांतपणे म्हणाले. "हिरो माफी मागतो. मग तिचा बाप माफी मागतो. मग मागें उभा असलेला नोकरसुद्धां मागतो. दोन तास इतकी छान मजा केली, तिची माफी? मी माफी बघावयास बसत नाहीं."

पुढे सत्तराव्या वर्षी याच माणसाचं लग्न ठरलं, आणि 'चुकलं' हा एक शब्द तोंडातून काढला असता तर ते सुखासुखी पार पडलं असतं. मामांनी तो काढला नाही. पण तिथपर्यंत पोचायला मला थोडं इकडेतिकडे भटकावं लागेल, कारण मामांकडे सरळ रस्त्यानं कुणालाच जाता यायचं नाही.

चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या त्यांच्या इमारतीत मी पाच वर्षं राहिले. नवरा आणि मुलगी कोल्हापुरात, मी अंबत्तूरला रबरी रिंगा बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी तपासायला. मामा तंजावरकडचे मराठी. गेल्या कितीतरी पिढ्यांत त्यांच्या घरातल्या कुणी महाराष्ट्र पाहिला नव्हता, आणि त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नव्हतं. त्यांचं बोलणं म्हणजे जुन्या बखरीत मध्येच तमिळ फोडणी. घर बघायला गेले तेव्हा मी भाबडेपणानं म्हणाले, "अय्या, तुम्ही अजून मराठी टिकवलीत!" तर चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, "टिकवायची पाळी तुमच्यावर आली असेल. आम्हीं राजांबरोबर पुढें आलों. तुम्हीं मागें राहिलां."

घर मी तिथल्या तिथे घेतलं. असा घरमालक सोडायचा म्हणजे पाप.

गल्लीत त्यांना सगळे मामाच म्हणायचे. तिकडे पन्नाशी ओलांडलेला प्रत्येक पुरुष मामाच असतो. पण आमच्या मामांना खरा शौक होता तो दुसऱ्यांच्या ओळखी ठरवण्याचा. मला त्यांनी कधीही मी जी आहे ती म्हणून कुणासमोर उभं केलं नाही. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला त्यांनी सांगितलं की या बाई मोठ्या गायिका आहेत, आवाज बसलाय म्हणून चेन्नईला हवापालटाला आल्यात. तो बिचारा माझ्या साड्या देताना दर वेळी विचारायचा, "मॅडम, आवाज आला का?" दोन वर्षांनी मी वैतागून "आला" म्हटलं, तर म्हणाला, मग गा! मी त्याच्या टेबलाशी उभी राहून आरती म्हटली. त्यानं डोळे मिटून ऐकली आणि त्या दिवशीच्या इस्त्रीचे पैसे घेतले नाहीत. रिक्षावाल्यांना मी पोलिसातली होते. सिलिंडरवाल्याला कोण होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण तो चप्पल काढून घरात यायचा.

"मामा, हे काय चालवलंय तुम्ही?"

"माणसास एकच ओळख दिली की ती मळते, बाई. दोन-चार असाव्यात. धुवावयास टाकतां येतात."

त्यांना सिनेमाही एकाच जातीचा लागायचा. माणूस भलताच समजला गेला पाहिजे आणि त्यातून प्रेम जमलं पाहिजे. मालकाला ड्रायव्हर समजलेत, ड्रायव्हरला जावई, जावयाला चोर, की मामा खुर्चीत पुढे सरकलेच. मारामारी नको, देशभक्ती नको. एकदा शेजारच्या मामीनं भुताचा सिनेमा सुचवला, तर म्हणाले, "भूत चालेल. परंतु त्यास कुणीतरी जावई समजलें पाहिजे." दर रविवारी दुपारी चारला हॉलमध्ये सतरंजी पडायची, इमारतीतली दहा-बारा माणसं जमायची. त्यातल्या निम्म्यांना हिंदीचं ओ की ठो कळत नसे, म्हणून मामा मध्ये मध्ये सिनेमा थांबवून तमिळमध्ये सांगायचे. खरं तर लोक तेच ऐकायला यायचे.

ही सवय त्यांना लागली चेन्नईबाहेरच्या आवडी नावाच्या गावात. तिथल्या सरकारी कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं काढली. क्वार्टर्समध्ये पंजाबपासून केरळपर्यंतची माणसं, आणि महिन्यातून एकदा मैदानात पडदा लावून हिंदी सिनेमा. तमिळ बायकापोरांना कळावं म्हणून मामा पडद्याच्या कडेला पत्र्याचा भोंगा घेऊन उभे राहायचे आणि भाषांतर करायचे. त्यांच्या बायकोलाही हिंदी येत नव्हतं. ती पहिल्या रांगेत बसायची आणि पडद्याकडे न बघता याच्याकडेच बघायची, असं मला त्यांच्या मुलीनं सांगितलं.

दोन तास भाषांतर चोख. पण हिरो हात जोडून माफी मागायला लागला, की मामांच्या तमिळमध्ये तो छाती काढून म्हणायचा, "होय, खोटं बोललो! त्याशिवाय तुमच्या पोरीनं माझ्याकडे पाहिलं तरी असतं का? आता काय करायचं ते करा!" पडद्यावर हिरो ढसाढसा रडतोय आणि मैदानात तमिळ पब्लिक शिट्ट्या मारतंय. उत्तरेकडून नव्यानं आलेल्या एका साहेबाला याचा उलगडा होईना. कुणीतरी त्याला समजावलं. दुसऱ्या दिवशी मेमो आला: सिनेमाचं चुकीचं भाषांतर केल्याबद्दल लेखी माफी द्यावी.

मामांनी लेखी उत्तर दिलं की भाषांतर बरोबर आहे, सिनेमा चुकीचा आहे.

दोन वर्षं त्यांना गोदामात टाकलं. नट-बोल्ट मोजत बसले, पण माफी दिली नाही. भोंगा तेवढा काढून घेतला त्यांच्याकडून.

आता बज्जीकडे येते.

मामांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहायची, अंबत्तूरला आयटी कंपनीत मोठ्या पदावर होती. चेहरा बापाचा आणि हट्टही बापाचाच. तिचा मुलगा बंगळुरात नोकरीला. त्याच्यासाठी एक स्थळ आलं, तेही आमच्याच वेस्ट मांबलमचं, तंजावरकडच्याच मराठी घरातलं. आधी मोठ्यांनी मुलगी बघून यावी असं ठरलं, आणि नेमकी त्या रविवारी मामांची मुलगी तापानं पडली. बायकामाणसाशिवाय मुलगी बघायला जात नाहीत. मामांनी माझं दार वाजवलं.

"बाई, तुमच्या गळ्यांतले काळे मणी दोन तासांस हवेत. बरोबर तुम्हींही या. आज तुम्हीं माझी भाची."

मी कांजीवरम नेसून तयार. अशा कामाला मी कधी नाही म्हटलेलं नाही.

मामांच्या मुलीनं मोबाइलवर पत्ता पाठवला होता, पण मामांना मोबाइलला रस्ता विचारणं कमीपणाचं वाटायचं. त्यांनी कोपऱ्यावरच्या फुलवालीला विचारलं, "आज मुलगी दाखवायची आहे तें मराठी लोकांचें घर कुठलें गो?" ती बाई गजरे विकते म्हणजे गल्लीचं गॅझेटच. आज कुठल्या घरी किती हात मल्लिगै, म्हणजे मोगरा, गेली यावरून ती सगळं सांगू शकते. तिनं हातातला दोरा न सोडता हनुवटीनं दाखवलं: पिवळी इमारत, दुसरा मजला.

तिचं काही चुकलं नव्हतं. मुहूर्ताचा रविवार. त्या भागात त्या दिवशी मुलगी दाखवणारी मराठी घरं दोन होती. तिनं जवळचं दाखवलं.

दार उघडंच होतं. "वांगो, वांगो," करत मुलीचे वडील पुढे आले, आम्हाला सोफ्यावर बसवलं. आमच्याकडे असतं तर उंबऱ्यातच गाव कुठलं, आडनाव काय, मामेकुळी कोण, सगळं विचारून माणसाला सोलून काढलं असतं. तिथे तसं नाही. समाज एवढासा, की प्रत्येकाला वाटतं समोरचा आपल्याला माहीतच आहे, विचारणं बरं दिसणार नाही. दोन मिनिटांत पद्धतीप्रमाणे केशरी शिरा आणि गरम गरम बज्जी आल्या. केळ्याची, बटाट्याची, आणि एक पानाची. मुलगी येऊन बसली, पदराखालून मोबाइल बघत राहिली.

"मुलास दुबईस जाऊन किती झालें?" वडिलांनी विचारलं.

दुबई? आमचा मुलगा बंगळुरात! मी मामांच्या पायावर पाय दिला. मामांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत जो आनंद होता तो मी कुणाच्या लग्नातही पाहिलेला नाही. सत्तर वर्षं हा माणूस ज्या प्रसंगाची वाट बघत होता, तो त्याच्यापुढे बशीत घालून आला होता.

"झालीं की, बरींच," मामा म्हणाले. "फार उकाडा तिथें. परंतु पोरगा तक्रार करीत नाहीं."

"जेवणाचें?"

"आपला हातानें करितो. रसम तर असें करितो की पुसूं नका." आणि आणखी एक बज्जी उचलली.

मी कपाळाचा घाम पुसत होते. मामा दुबईतल्या आपल्या नातवाचं घर, त्याची गाडी, त्याचा कडक स्वभावाचा अरबी साहेब, सगळं डोळ्यांपुढे उभं करत होते. वडील ऐकत होते. एकच बाई ऐकत नव्हती, ती बघत होती. मुलीची आत्या. साठीच्या पुढची, उंच, जाड भिंगाचा चष्मा, सुती साडीचा पदर खोचलेला. भावाच्या घरी राहायची, लग्न केलेलं नव्हतं, तीस वर्षं घरीच हिंदीच्या परीक्षांच्या शिकवण्या घ्यायची. सगळे तिला टीचर म्हणायचे. ती तीनदा आतून आली आणि तिन्ही वेळा फक्त मामांच्या बशीत बज्जी वाढून गेली.

निघताना टीचर कुंकवाचा करंडा आणि विडा घेऊन जिन्यापर्यंत आल्या. मला कुंकू लावलं. मग भावाला कळू नये म्हणून त्या घरात दुसऱ्या कुणाला येत नसलेल्या भाषेत, स्वच्छ हिंदीत, मामांना म्हणाल्या, "एक बात पूछूँ? आपको गुज़रे हुए तो चार साल हो गए हैं न?"

पत्रिकेबरोबर दुबईवाल्यांचा जो कागद आला होता, त्यात मुलाचे आजोबा वारल्याचं लिहिलं होतं. भावानं तो वाचला नव्हता. टीचरनी वाचला होता. म्हणजे पहिल्या बज्जीपासून त्यांना सगळं कळलेलं.

मला वाटलं, आता हा माणूस जिन्यावरून गडगडतो. मामांनी कठड्यावर हात ठेवला, मान झुकवली. "जी हाँ। मगर आपके यहाँ की बज्जी की ख़ुशबू ऊपर तक आ रही थी।"

टीचर हसल्या नाहीत. चष्मा सारखा केला. "फिर आइएगा। मरे हुए लोग हमारे यहाँ कम आते हैं।"

खाली फाटकाशी फळांची ताटं घेऊन खरे दुबईवाले उतरत होते. मामांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली आणि घरच्या यजमानासारखं सांगितलं, "वांगो, वांगो! दुसरा मजला."

त्यांना बिस्किटं मिळाली असं पुढे कळलं. बज्जी आम्ही संपवल्या होत्या. तरीही ते लग्न ठरलं, झालं, आणि मुलगी दुबईला सुखात आहे. आमच्या नातवानं बंगळुरात आपली आपण आधीच मुलगी पसंत करून ठेवलेली होती. त्यानं आजोबांना फोन करून आभार मानले. थोडक्यात, कुणाचं काहीही वाकडं झालं नाही. पण ज्या घरी आम्हाला जायचं होतं, तिथले लोक संध्याकाळपर्यंत ताटकळले, आणि फुलवालीकडून पत्ता लागून मामांच्या मुलीला दोन्हीकडून फोन आले.

ती ताप अंगात घेऊन आली.

"अप्पा, त्या दोन्ही घरीं जा आणि माफी माग."

"कसली गो?"

"कसली? दुसऱ्याच्या घरीं बसून, दुसऱ्याच्या मुलाविषयीं खोटें सांगून..."

"खोटें काय सांगितलें? दुबईस उकाडा नसतो?"

मग ती माझ्याकडे वळली. "अक्का, तुम्ही तरी?" माझ्या तोंडात अजून त्यांच्या घरचा विडा होता. मी तो चघळत राहिले.

पुढच्या रविवारी चारला दारात टीचर. मला म्हणाल्या, "मेलेल्या माणसाचें घर कसें असतें तें बघावयास आलें." सतरंजीच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या. मामांनी त्या दिवशी असं काही भाषांतर केलं, की मूळ सिनेमा लाजला असेल. मग नेहमीची वेळ झाली. मामा टीव्ही बंद करायला उठले.

"राहूं द्या चालू," मागून टीचरचा आवाज.

आजवर हे कुणी बोललं नव्हतं.

"मी शेवट बघत नाहीं," मामा म्हणाले.

"तुम्हीं बघूं नका. मी तीस वर्षें शिकवितें, अर्ध्या धड्यावरून उठत नाहीं."

मामा दोन क्षण उभे राहिले. मग टीव्ही तसाच ठेवून बाल्कनीत गेले आणि पंधरा मिनिटं वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत बसले. आतून रडण्याचे आवाज थांबले तसे डोकावून म्हणाले, "झालें का सर्वांचें रडून? काफी टाकूं?"

आठ महिने दर रविवारी हेच. ती शेवट बघायची, हा बाल्कनीत. वाद घालायचे ते हिंदीत. मामांचं हिंदी सगळं सिनेमातून आलेलं, त्यामुळे ते साधं पाणी मागतानाही प्रेमपत्र वाचल्यासारखं मागायचे. टीचर त्यांचं लिंग-वचन दुरुस्त करायच्या. मामा तेवढी दुरुस्ती चालवून घ्यायचे. दुसऱ्या कुणाची कधी चालवून घेतलेली मी पाहिली नाही.

मार्गळी महिन्यातल्या एका रविवारी, सिनेमा संपल्यावर, मामा हॉलच्या मधोमध उभे राहिले. "टीचर आणि मी लग्न करणार आहों. ज्यांस आक्षेप असेल त्यांनी काफी न घेतां जावें."

आमच्या इमारतीतलं कुणी काफी सोडून जाणाऱ्यातलं नव्हतं. फक्त मामांची मुलगी उठली. चपला हातात घेऊनच जिना उतरली.

नंतरचा महिना मी दोन्हीकडचं ऐकलं. टीचरच्या भावाचं म्हणणं: त्या दिवशी आपल्याला मूर्ख बनवलं, चार वडीलधाऱ्यांसमोर माफी मागा, मग बहिणीला मानानं देतो. नाही तर तिनं त्या घरातून निघावं ते कायमचं. मामांच्या मुलीचं म्हणणं त्याहून सोपं आणि त्याहून अवघड. एका संध्याकाळी माझ्यासमोर बापाला म्हणाली, "आईस हिंदी येत नव्हतें. तिच्यासाठीं तूं भोंगा घेऊन उभा राहायचास. हिला तर सगळें येतें. हिला तुझी गरज काय रे अप्पा?"

मामांनी चष्मा काढून धोतरानं पुसला. मग म्हणाले, "गरज नाहीं. तरी येते. म्हणूनच."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मागे हटली नाही. "बरें. एकदा म्हण, त्या दिवशीं चुकलें. तेवढें म्हण, मी स्वतः उभी राहून लग्न लावितें. नाहीं म्हणालास तर या घराची पायरी चढणार नाहीं."

"नाहीं चुकलें."

ती गेली.

आता मी काही गांधारी नाही, डोळ्यांवर पट्टी बांधून बसणारी. मी रात्रीचा भात टाकून वर गेले आणि मामांना झापलं. "एक शब्द, मामा! एका शब्दानं मुलगी राहते, टीचरना भावाचं दार उघडं राहतं. तुमचं काय जातं?"

मामा पंख्याखाली बसून कपडे घडी करत होते. एक धोतर चारदा घडी केलं, चारदा मोडलं. "बाई, ऐका. त्या दिवशीं चुकलें असें मी म्हटलें, तर टीचर माझ्या आयुष्यांत चुकीनें आल्या असा अर्थ झाला. मी त्यांना चूक म्हणूं?"

खाली आले तर भात करपला होता. दुसऱ्या दिवशी टीचरना भेटून सांगितलं, म्हटलं तुम्ही तरी समजवा. त्या वह्या तपासत होत्या. लाल पेन न थांबवता म्हणाल्या, "त्यांनी माफी मागितली, तर मी लग्न करणार नाहीं. त्यांना सांगून ठेवा."

मग ठरलंच. टीचर एका सुटकेसमध्ये साड्या आणि दुसरीत शब्दकोश घेऊन भावाच्या घरातून बाहेर पडल्या. भाऊ दाराशी आला नाही.

सकाळी देवळात माळा घातल्या. आम्ही पाचच माणसं, त्यात एक भटजी. तिथून रिक्षानं नोंदणी कार्यालयात. बाकावर तीन तरुण जोडपी बसलेली, एकेकाच्या मागे आठ-आठ नातेवाईक. खिडकीतल्या कारकुनानं मामांचा कागद घेतला, वर न बघता तमिळमध्ये विचारलं, "मुलगा-मुलगी कुठे आहेत? मोठ्यांनी बाहेर थांबा."

"मुलगा मीच," मामा म्हणाले. म्हणाले कसले, मैदानात भोंग्यातून सांगितल्यासारखे गरजले. "आणि ही मुलगी."

कारकुनानं वर पाहिलं. तिन्ही जोडप्यांनी वळून पाहिलं. टीचरनी पदर सारखा केला आणि सगळ्या हॉलकडे, वर्गात गडबड करणाऱ्या पोरांकडे बघावं तसं बघितलं. सगळे पुन्हा आपापल्या मोबाइलमध्ये गेले.

कारकून कागदावरून बोट फिरवत थांबला. "साक्षीदार तीन लागतात. दोनच दिसतात."

एक मी. दुसरी फुलवाली. तिला मामांनी स्वतः जाऊन बोलावलं होतं, म्हणाले, हें सर्व हिनें जुळविलें. तिसरा मामांचा आवडीच्या कारखान्यातला जुना दोस्त. त्याला बारापासून फोन लावत होतो, फोन बंद. बायकोनं जाऊ दिलं नसणार. घड्याळात पाऊण वाजलेला. एकला खिडकी जेवणासाठी बंद होणार होती, आणि पुढची तारीख, कारकून म्हणाला, तीन आठवड्यांनंतरची. टीचरच्या दोन्ही सुटकेस आमच्या पायाशी होत्या. तीन आठवडे त्या कुठे ठेवायच्या?

तेवढ्यात मामांची मुलगी दारात दिसली. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात, हातात हेल्मेट. सही करायला आलेली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं.

फुलवालीनं मला कोपर मारलं. आमचं दोघींचं तोंड उघडणार, तोच मामा म्हणाले, "तिला कुणी विचारावयाचें नाहीं. ती भांडावयास आली आहे. तिला भांडूं द्या."

ती बापासमोर येऊन उभी राहिली. "अप्पा. शेवटचें विचारितें. चुकलें म्हण."

"नाहीं."

"हळू म्हण. मला एकटीलाच ऐकूं येईल असें."

"नाहीं गो. तुझ्याशीं खोटें बोलावयाचें नाहीं मला."

ती तशीच उभी. हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मग तिनं टीचरकडे पाहिलं. टीचरनी नजर चुकवली नाही, हसल्या नाहीत, हातही जोडले नाहीत. नुसत्या बाकावर सरकल्या आणि शेजारी एका माणसाची जागा केली. मुलगी बसली नाही. एकला पाच मिनिटं उरली. कारकून खिडकीची फळी ओढायला लागला.

तिनं फळीवर हेल्मेट आपटून ठेवलं. फळी थांबली. पर्समधून आधार कार्ड काढून तिनं कारकुनापुढे फेकलं, त्याच्याच खिशातलं पेन ओढून घेतलं. "कुठे करायची सही?"

कारकुनानं घाबरून बोट ठेवलं. तिनं इतकी दाबून सही केली, की खालच्या कागदावरही उमटली. 'वराशी नातं' या रकान्यात 'मुलगी' लिहिलं आणि पेन परत न देता म्हणाली, "मला राग आहे. हे यात लिहून घ्या."

"अम्मा," कारकून चाचरत म्हणाला, "रागाला या फॉर्ममध्ये रकाना नाही."

"मग समासात लिहा."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग मामांकडे. दोन्ही चेहरे एकाच साच्यातले, दोन्ही हनुवट्या वर. गरिबानं फॉर्म आपल्याकडे ओढला, आडवा केला, आणि समास किती रुंद आहे ते बघायला लागला.